चढावरचा नमस्कार

रविंद्रच्या परीक्षेची धास्ती त्याच्यापेक्षा कांताबाईनंच जास्त घेतली होती. परीक्षा चाकाच्या खुर्चीची. रामदासपेठेतल्या एका दवाखान्यात घड्याळदुरुस्तीचा वर्ग निघाला होता, राहणं-जेवण तिथंच. पण वसतिगृहात उचलायला-धरायला माणूस नव्हता, म्हणून ज्याला खुर्ची एकट्यानं चालवता येईल त्यालाच घेणार. बांधकामावरून पडून पोराचे पाय गेले, तेव्हापासून तो खोलीत पडून होता. आता हा वर्ग मिळाला तर ठीक, नाहीतर जन्मभर तीच खोली.

सकाळी तिनं त्याचे केस विंचरले आणि आयांना राहवत नाही तसा उपदेशही केला. "मोठे डॉक्टर दिसले का आधी हात जोडजो. त्यायच्यामुळं जगला तू."

"हो वं माय."

पोरानं तयारी जीव तोडून केली होती. ते लोखंडी धूड त्यानं अरुंद दारातून काढलं, जागच्या जागी वळवलं, उंबरठ्यावरून नेलं. तपासणीचे गोपाळराव मागून पाहत मान हलवत होते. उरला फक्त चढ.

रविंद्र अर्ध्यावर पोचला आणि वरच्या दारातून मोठे डॉक्टर बाहेर आले. त्यांना पाहून पोराचा चेहरा असा काही फुलला, की कांताबाईलाही क्षणभर बरंच वाटलं. मग तिनं त्याचे दोन्ही हात जुळलेले पाहिले. चाकांवर हातच नव्हते.

खुर्ची घरंगळत खाली आली. चपराशानं ती पकडली म्हणून पोर वाचलं. डॉक्टर तोवर मान लववून पलीकडच्या वॉर्डात गेलेही होते.

गोपाळराव जवळ आले. माणूस कडक, पण दुष्ट नव्हता. "मला मागून नीट दिसलं नाही. हात का सुटले?"

"मीच सांगतलं होतं त्याले, साहेब," कांताबाई पुढे झाली. "डॉक्टर दिसले का नमस्कार कर म्हणून."

"तसं असेल तर पुन्हा घेतो. काय रे, नमस्कार केलास?"

रविंद्रनं आईकडे पाहिलं. तिचा चेहरा पांढराफटक पडला होता.

"नाही साहेब. घामानं हात घसरले. माय मले वाचवाले म्हणून राहिली."

"मग मी काय करणार, बाबा?" गोपाळराव म्हणाले. त्यांनाही वाईट वाटलं, पण त्यांनी पुढच्या माणसाला हाक मारली.

फाटकाबाहेर तिनं विचारलं, "काहून खोटं बोलला गा? त्यायनं पुन्हा घेतली असती ना."

"तू जन्मभर सोताले बोल लावत बसली असती."

कसला वेडा पोरगा. बोल तर ती आता दुप्पट लावणार होती. पण तिनं डोळ्यांत पाणी आणलं असतं, तर त्यानं तिच्यासाठी जे घालवलं ते फुकटच गेलं असतं. म्हणून ती त्याच्यादेखत रडली नाही, त्या दिवशीही नाही आणि पुढेही कधी नाही.