बोकेर तोव, अबू लीना

सकाळचे सात वाजले होते. शुवैखमधल्या आमच्या वर्कशॉपचं शटर नुकतं वर गेलं होतं. रूपेश हसत हसत दोन शब्द बोलला आणि फोरमनने हातातला दीड इंची चौकोनी पाइप त्याच्या खांद्यावर घातला. दुसरा फटका तोंडावर बसला. माझ्या बहिणीच्या नवऱ्याचा दात माझ्या बुटाशी येऊन पडला.

शब्द काय होते, तर सुप्रभात! हसू नका. त्यासाठी रक्त निघतं हे मला कुणी आधी सांगितलं असतं तर मीही हसलो असतो.

मी महादेव, रेवदंड्याच्या बाजूचा. अकरा वर्षं कुवेतमध्ये गेट आणि रेलिंगं वेल्डिंग करतोय. रूपेशला मीच इथे आणला. लग्नाआधी आम्ही एकमेकांना शिव्या घालायचो, मुक्ताशी लग्न झालं आणि तो 'रूपेशराव' झाला. राग आला की परत रूप्या. मुक्ताला आता सातवा महिना. दोन महिन्यांनी रूपेशचं कॉन्ट्रॅक्ट संपणार होतं, बाळंतपणाला तो घरी पोचणार होता. रोज फोनवर ती मलाच सांगायची, "दादा, धडधाकट परत पाठव हां त्यांना."

आता ह्या रूपेशला एक खोड. समोरच्याला त्याच्या भाषेत नमस्कार केल्याशिवाय ह्याचा दिवस सुरू होत नसे. मल्याळी दुकानदाराला मल्याळी, बंगाल्याला बंगाली, नेपाळ्याला नेपाळी. "माणूस विरघळतो, दादा," म्हणायचा. खोटं कशाला बोलू, विरघळायचे. दुकानदार त्याला एक अंडं जास्त द्यायचा. मला अकरा वर्षांत सालपट दिलं नाही.

बाळंतपणानंतर तो इस्रायलला जाणार होता, इमारतींच्या कामावर. मुंबईच्या एजंटने नाव घेतलं होतं. म्हणून खैतानच्या आमच्या खोलीत मोबाइलवर हिब्रूचा क्लास सुरू. "शालोम म्हणजे नुसता नमस्कार नाही दादा, शांती. काही मोडलेलं नाही, सगळं अख्खं आहे, असं. पुरुषाला कसा आहेस विचारायचं तर मा श्लोम्खा, बाईला मा श्लोमेख. तो ख घशातून खरवडून काढायचा." आणि सकाळी बोकेर तोव. जोर पहिल्या अक्षरावर. समोरच्याने उत्तर द्यायचं बोकेर ओर, म्हणजे उजेडाची सकाळ. "अरबीतही तेच की! सबाह अल-खैर म्हटलं की सबाह अन-नूर. दोघंही उत्तरात उजेडच देतात!" एवढ्यावर स्वारी खूश.

आम्हाला ती भाषा परकी वाटली नाही, तिथेच आम्ही फसलो. आमच्या गावात पूर्वी शनवार तेल्यांची, म्हणजे ज्यूंची, घरं होती. शनिवारी घाणा बंद, बाकी आमच्यासारखेच मराठी. ते इस्रायलला निघून गेले, गावात त्यांची कबरस्तानं राहिली. लहानपणी आम्ही तिथे बोरं वेचायचो. आमच्यासाठी ती शेजाऱ्यांची भाषा होती.

पण इथल्या कायद्याला त्या देशाशी कसलाही संबंध चालत नाही. मी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं, "खोलीत काय बरळायचं ते बरळ. बाहेर तोंड उघडलंस तर मीच फोडीन."

मला फोडायची वेळच आली नाही.

फोरमनचं नाव ओवैस. साठीचा, पॅलेस्टिनी, पासपोर्ट जॉर्डनचा. मोठ्या मुलीचं नाव लीना, म्हणून सगळे त्याला अबू लीना म्हणतात, लीनाचा बाप. कामाचा पक्का, बोलायला कंजूष. आदल्या दिवशी तो टेप लावून पाइप मोजत होता, ओठांतल्या ओठांत आकडे पुटपुटत. रूपेशचे कान टवकारले. रात्री गुदगुल्या झाल्यासारखा मला सांगत होता, "दादा, म्हाताऱ्याला हिब्रू येतं! अखत, श्तायिम, शालोश, एक-दोन-तीन मोजत होता!" मी म्हटलं, झोप मुकाट्याने. तो झोपला आणि सकाळी उठून म्हाताऱ्याला खूश करायला गेला.

"बोकर तोव, अबू लीना!"

दोन फटके तर सांगितलेच. रूपेश खाली पडला, तरी म्हातारा थांबेना. पाठीत पाइप घालायचा आणि ओरडायचा, "बो-केर! केर! बोल! सीधा बोल!" रूपेश रक्ताच्या गुळण्या टाकत म्हणाला, "बोकर." परत फटका. "केर!" परत फटका. आयला, मारतोय की शिकवतोय!

माझ्या डोक्यात तिडीक गेली. मुक्ताचा आवाज कानात, धडधाकट, धडधाकट. मी हातोडीच उचलली होती. लेथवरच्या अकबरने मनगट पिरगाळून ती काढून घेतली, नाहीतर आज हे सांगायला मी इथे नसतो. मग मी नुसत्या हातांनी सुरू झालो. साठीच्या माणसाची मान धरून तोंड वेल्डिंगच्या टेबलावर आपटलं. ओठ फाटला. परत आपटलं. भुवई फुटली. मला बरं वाटत होतं. कशाला लपवू, अगदी गार वाटत होतं.

"नमस्कार बोल!" मी ओरडलो. "नमस्कार करायला आला होता तो! बोल, नमस्कार!"

"नमिश्..." तो म्हणाला. फाटलेल्या ओठाने काय बोलणार?

"नीट बोल!" मी परत आपटलं. "स्कार! बोल, स्कार!"

चौथ्या खेपेला तो नीट बोलला. तेव्हा सोडला.

कुणीतरी फोन केलाच होता. पोलीस आले, चौघांनाही चौकीत नेलं. रूपेशच्या तोंडात कापसाचा बोळा, ओवैसच्या डोळ्यावर अकबरचा रुमाल. बाकावर बसल्या बसल्या माझा हिशेब चालला होता. म्हाताऱ्याने नुसतं सांगितलं असतं की ह्याने कुठल्या भाषेत काय म्हटलं, तर संपलं. मोबाइल उघडला असता, क्लास सापडला असता, एजंटचे मेसेज सापडले असते. मुक्ता बाळ घेऊन किती वर्षं वाट बघत बसली असती देव जाणे. मी मनातल्या मनात ग्रामदेवतेला हात जोडले.

अधिकाऱ्याने ओवैसला विचारलं. तो एकदाही आमच्याकडे न बघता अरबीत म्हणाला, कामावरून भांडण झालं, आधी हात मी उगारला, तक्रार नाही. सह्या घेतल्या आणि सोडलं.

बाहेर ऊन मी म्हणत होतं. मला राहवेना. "अबू लीना, क्यों नहीं बोला?"

त्याने रुमाल काढून रक्त बघितलं. मोडक्यातोडक्या हिंदीत म्हणाला, "मलाही विचारलं असतं ना, तुला ही भाषा कुठून आली."

मग स्वतःच सांगितलं. वयाच्या विसाव्या वर्षी तो तिकडे इमारतींवर सळया बांधायला जायचा. रोज सकाळी साइटच्या फाटकावर मुकादम सगळ्यांना रांगेत उभं करायचा. एकेकाने पुढे यायचं आणि म्हणायचं, बोकेर तोव. उच्चार चुकला की सळई पाठीत. बरोबर येईपर्यंत. मुकादम बघत असायचा आणि शेवटी म्हणायचा, आता बरोबर, जा कामाला. "चार वर्षं," ओवैस म्हणाला. "शब्द वाईट नाही. मलाही माहीत आहे शब्द वाईट नाही."

रूपेश रडायला लागला. टेबलावरचा माझाच आवाज मला ऐकू आला. स्कार. बोल, स्कार.

रूपेश महिनाभर आधीच घरी गेला. दोन दात कमी, पण चालत गेला. मुक्ताला मुलगी झाली. इस्रायलचं त्याने रद्द केलं. आता तो कुणाला कुठल्याच भाषेत नमस्कार करत नाही, मुक्ता म्हणते नुसती मान हलवतो.

मी इथेच आहे. ओवैसही. सहा टाके पडले होते, ओठ थोडा वाकडाच राहिला. चौकीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी सातला तो माझ्यापुढे येऊन उभा राहिला आणि हात जोडून म्हणाला, "नमस्कार." अगदी स्वच्छ. रात्रभर घोकला असणार.

मी पाया पडलो त्याच्या. अकबरला मध्ये घालून माफी मागितली. नको म्हणून शिव्याही दिल्या. काही उपयोग नाही. रोज शटर वर गेलं की तो येतो, हात जोडतो, नमस्कार म्हणतो आणि विचारतो, "सही?"

मी 'सही' म्हणेपर्यंत तो कामाला जात नाही.