जेवणानंतरची चरबी

आकडा बघून मी मॅडमना हाक मारली. म्हाताऱ्या, अर्धपोटी ठेवलेल्या उंदराच्या अंगातली चरबी तरुणांच्या वरताण वेगाने नवी चरबी बनवत होती.

"नमुन्यांच्या नळ्यांची अदलाबदल केलीस," मॅडम म्हणाल्या. "फेकून दे."

मॅडम आमच्या प्रयोगशाळेच्या प्रमुख. म्हातारपणी चरबीच्या पेशी चरबी नुसती साठवतात, स्वतः बनवत नाहीत, हे त्यांचं म्हणणं वर्गावर्गात शिकवतात. आठवड्याने त्या निवृत्त होणार होत्या आणि निरोपाच्या भाषणातही तेच सांगणार होत्या. मी भडकले. नळ्या बदलायला मी काय कालची पोर आहे?

"नळ्या नाही, वेळ बदलली," मी म्हणाले. "नमुने गोठवायचा द्रव नायट्रोजन उशिरा आला. तोवर उंदीर जेवून मोकळे झाले होते. आपण नेहमी जेवणाआधी नमुने घेतो."

"त्याने काय होतं?"

"भरपेटवाले दिवसभर चरतात. या बिचाऱ्यांना एकदाच मिळतं, त्याचा ते फडशा पाडतात. मग त्याची झटपट चरबी करायची आणि दुसऱ्या दिवसापर्यंत तीच जाळायची. आपण सकाळी जातो तेव्हा काम संपलेलं असतं."

मॅडमनी चष्मा काढला. "असे म्हातारे किती उरलेत?"

"दोन."

"एक जेवणाआधी बघ, एक नंतर. नंतरच्यातही चरबी बनताना दिसली नाही, तर हे काम तुझ्याकडून काढून घेईन."

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघी यंत्रापुढे खुर्च्या ओढून बसलो. पहिला नमुना जवळजवळ शून्य, नेहमीसारखाच. दुसरा लावला आणि आकडा चढू लागला. थांबेचना. मॅडमनी तोच नमुना पुन्हा लावायला सांगितला. पुन्हा तेच. मला आनंदाने नाचावंसं वाटत होतं, पण त्यांच्या चेहऱ्याकडे बघून मी नुसता आकडा वहीत टिपला.

मग त्या अचानक हसायला लागल्या, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"म्हणजे इतकी वर्षं मी दुकान बंद झाल्यावर जायचे आणि इथे धंदाच नाही म्हणून सांगायचे. दोन उंदरांवर काही सिद्ध होत नाही. आणखी म्हातारे मागव, आजच."

"आणि भाषण?"

"होईल की. मी चुकले असेन, असं सांगेन. तू शेजारी उभी राहा. मला कोणी अडवलं ते लोकांना दिसू दे."