गोष्टीत नसलेलं वाक्य

“नेई, इथं आई काय म्हणाली?”

कानावरचा हेडफोन एका बाजूनं उचलून ईडिथनं विचारलं आणि वासितीच्या हातातली पेन्सिल थांबली. तिला आधी वाटलं, टेप खरखरली असेल. फिजीतल्या सुवाच्या दमट हवेत कॅसेटला बुरशी धरायला वेळ लागत नाही. ही कॅसेट तर ती दर आठवड्याला कोरड्या फडक्यानं पुसून ठेवायची.

“आवाज नीट येत नाही का गं?”

“आवाज येतो. पण कळत नाही.”

“कुठपासून?”

ईडिथ खाली बघत बोटानं टेबलावरचा ओरखडा खरवडत राहिली. “खेकडा झाडावर चढतो ना, तिथपर्यंत कळतं. म्हणजे, गोष्ट माहितीये म्हणून कळतं.” मग घाईघाईनं म्हणाली, “बाबांना नको सांगू.”

वासितीनं टेप बंद केली. बाहेर मोठ्या वर्गातली पोरं नेटबॉल खेळत होती.

वासिती त्या शाळेत एकवीस वर्षं मदतनीस होती. मुलं तिला नेई, म्हणजे आत्या, म्हणायची. वकिलातींतली, मासेमारीच्या आणि जहाजांच्या कंपन्यांतली माणसं सुवात बदलून यायची आणि त्यांची मुलं लायब्ररीमागच्या या खोलीत, तिच्या पुढ्यात येऊन बसायची. कोरियन, जपानी, नूमेयाची, किरिबाटीची. इंग्रजीचं अक्षर नाही, डोळ्यांत पाणी. तिच्याकडे पदवी नव्हती. कंदावू बेटावरून आलेली, आठवी झालेली बाई. पण नवं मूल सुरुवातीचे काही महिने गप्प बसतं आणि त्याला तसं बसू द्यायचं असतं, हे तिला कोणाला शिकवावं लागलं नव्हतं. दाराच्या आतल्या बाजूला तिनं एक कागद चिकटवला होता. त्यावर ‘पोट दुखतंय’ हे एकच वाक्य एकोणीस भाषांत लिहिलेलं होतं. एवढं आलं की निम्मं काम झालं, असं ती नव्या शिक्षिकांना सांगायची.

आणखी एक तिची पद्धत होती. प्रत्येक मुलाच्या घरच्या माणसाला बोलावून ती एक गोष्ट टेपवर बोलून घ्यायची, त्यांच्या भाषेत. मूल रडवेलं झालं की कानाला हेडफोन लावून द्यायची.

ईडिथची आई हिल्डा अशीच येऊन बोलून गेली होती. सॉलोमन बेटांच्या पार पूर्वेकडच्या टोकाला एक लहान बेट आहे, तिथली ती. नवरा ग्रॅहॅम न्यूझीलंडचा, बोटींची इंजिनं दुरुस्त करणारा. हिल्डा खोलीतल्या बुटक्या बाकावर बसली, सहा वर्षांच्या ईडिथला मांडीवर घेतलं आणि आकाशातल्या चांदण्या मोजायला माडावर चढलेल्या खेकड्याची गोष्ट सांगितली. वारा आला की खेकड्याची मोजणी चुकते आणि तो पहिल्यापासून सुरू करतो, अशी ती गोष्ट. मध्येच ती थांबली, खोकली, हसू दाबत पटकन काहीतरी बोलली आणि पुन्हा गोष्टीवर आली. वासितीनं ते पुसलं नाही. ती म्हणाली, असू दे, घरातल्यासारखं वाटतं.

पुढच्या महिन्यात हिल्डा डेंग्यूच्या तापात तीन दिवसांत गेली.

ईडिथ परत शाळेत आली ती मुकीच. सकाळी वर्गात जायच्या आधी आणि दुपारच्या सुट्टीत ती येऊन टेप ऐकायची. दुसरा हेडफोन लावून वासिती शेजारी बसायची, कारण मेलेल्या बाईचा आवाज त्या पोरीनं एकटीनं ऐकावा हे तिला बघवेना. मग हळूहळू ईडिथ सांगू लागली, आधी चित्र काढून, मग एकेका मोडक्या इंग्रजी शब्दानं. हा खेकडा. हे वारं. इथं आई खेकड्याचा आवाज काढते. वासितीनं ते सगळं वहीत उतरवून घेतलं. नऊ पानं झाली. फक्त त्या खोकल्यानंतरच्या वाक्याला ईडिथ हसली होती, तोंड लपवून म्हणाली होती, “ते गोष्टीतलं नाहीये.” वासितीनं जास्त विचारलं नाही. आई-लेकीचं काहीतरी असेल.

या गोष्टीला आता अडीच वर्षं झाली होती. ईडिथ घडाघडा इंग्रजी बोलत होती, भांडत होती, वर्गात सगळ्यांच्या आधी हात वर करत होती. गेल्या सत्राच्या प्रगतिपुस्तकात वासितीनंच लिहिलं होतं, ‘भाषा उत्तम. आता मदतीची गरज नाही.’ लिहिताना तिला अभिमान वाटला होता.

आता तिनं कपाटातली वही काढली आणि पहिल्या पानापासून ईडिथला तिच्याच आईची गोष्ट इंग्रजीत वाचून दाखवली. ईडिथनं हनुवटी टेबलावर टेकून ऐकली.

“हे सगळं मी सांगितलेलं?”

“तूच.”

“आणि ते? खोकल्यानंतरचं?”

“ते तू सांगितलं नव्हतंस.”

ईडिथनं टेप मागं नेली. ते वाक्य लावलं. पुन्हा मागं नेली, पुन्हा लावलं. पाचव्यांदा वासितीनं तिचा हात धरला.

त्या दिवशी घरी आल्यावर वासिती दालोचे कंद सोलायला बसली आणि नवरा अपेनिसा दारातून म्हणाला, “झालं सुरू?”

“काय?”

“तेच तुझं पुटपुटणं. रोज संध्याकाळी. कोणाशी बोलतेस गं?”

आपण बोलतो हे वासितीला माहीतच नव्हतं. पण सुरी थांबवल्यावर ते वाक्य तिच्या जिभेवर होतं, जसंच्या तसं. आधी तीन तुटक शब्द, मग एक लांबवलेला, शेवटचा वर उचललेला. अर्थ माहीत नाही, पण हिल्डाचं हसूही त्यात होतं.

“मेलेल्या बाईशी,” ती म्हणाली.

“मग तिला म्हणावं, माझं जेवण वेळेवर होऊ दे,” अपेनिसा म्हणाला. पण बायकोचा चेहरा बघून तो आत आला आणि गुपचूप दुसरी सुरी घेऊन सोलायला बसला.

त्यानंतर तिला ती खोली नकोशी होऊ लागली. दार उघडताना वाटायचं, आत कोणीतरी आत्ताच बोलायचं थांबलंय. एखादा नवा मुलगा पहिल्यांदा इंग्रजीत ‘पाणी’ म्हणाला की सवयीनं तिच्या तोंडून शाबास निघायचं आणि लगेच मनात यायचं, याचा पाण्यासाठीचा घरचा शब्द आता कुठं जाईल? तिची स्वतःची नात तिच्याशी इंग्रजीतच बोलायची. आजवर ते तिला कधी खटकलं नव्हतं. एका रविवारी चर्चमधून येताना तिनं नातीला कंदावूच्या बोलीत काहीतरी विचारलं. नात म्हणाली, “बुबू, नीट बोल ना.”

नोव्हेंबरात ग्रॅहॅमनं तिला फाटकाशी गाठलं. हातांना ग्रीस तसंच होतं.

“वासिती, डिसेंबरात आम्ही न्यूझीलंडला, नेल्सनला चाललोय. माझ्या आईकडे. कायमचे.” “ती टेप आता बंद करू या का? पोरीला त्रास होतो.”

“तिला होतो, का तुम्हाला?”

तो रागावेल असं तिला वाटलं. पण तो फाटकाच्या गजावर हात ठेवून उभा राहिला.

“मला,” तो म्हणाला. “गाडीत मागं बसून ती बडबडते ना, सूर हुबेहूब हिल्डाचा. मला आरशात बघायची भीती वाटते. आठ वर्षं संसार केला आम्ही. पिजिनमध्ये, त्या मिसळलेल्या इंग्रजीत बोलायचो, भांडायचो. तिच्या भाषेत मला ‘जेवायला ये’ एवढंच येतं. बायको झोपेत बोलायची, ते काय बोलायची तेसुद्धा मला माहीत नाही.”

“तिच्या गावचं कोणी?”

“सुवात? कोणी नाही. शोधलं मी. सॉलोमनची माणसं खूप भेटली. सगळ्यांनी टेप ऐकली, सगळ्यांनी मान हलवली. आमच्याकडे दर दोन बेटांमागे एक भाषा, साहेब, म्हणाले.”

वासिती तरीही शोधत राहिली. चर्चमधल्या बायकांना विचारलं, बंदरावर विचारलं. शेवटी समुद्राकाठच्या धर्मशास्त्राच्या कॉलेजात भांडी घासणारी एक बाई म्हणाली, आमच्याकडे त्या बाजूचा एक नवा ब्रदर आलाय, फार गप्प असतो.

सायलस त्याचं नाव. तिशीचा, काळाभोर, अंगानं दणकट. वासितीनं शाळेचा टेपरेकॉर्डर पिशवीतून नेला होता. कॉलेजच्या व्हरांड्यात तिनं बटण दाबलं आणि हिल्डाचा पहिला शब्द आला तसा तो माणूस खुर्चीतून अर्धा उठला. मग परत बसला आणि तोंडावर हात धरून ऐकू लागला. खेकड्याच्या मोजणीला तो खो खो हसला, आणि हसतानाच त्याचे डोळे वाहू लागले.

“ही वाऱ्याच्या बाजूच्या गावातली,” तो म्हणाला. “नाकातून बोलतात ही माणसं. आम्ही लहानपणी यांची नक्कल करायचो.” त्यानं बाहीनं तोंड पुसलं. “अकरा महिने झाले मला हे कानावर पडून. पुन्हा लावता?”

तिनं पुन्हा लावली. त्या खोकल्यापाशी टेप थांबवली. “हे. मला फक्त एवढं सांगा.”

“हे? हे गोष्टीतलं नाही.”

“माहीत आहे मला.”

“ती म्हणते,” सायलस म्हणाला, “सरक गं जराशी, माझ्या हाताला मुंग्या आल्या.”

इतकी वर्षं वासितीला वाटत होतं, तो काहीतरी आशीर्वाद असेल. निदान लाडाचं एखादं नाव तरी.

“बस? एवढंच?”

“एवढंच.” तो हसला. “पोरगी मांडीवर असेल. तिच्याखाली हात अडकला असेल.”

वासितीला तो बुटका बाक डोळ्यांसमोर दिसला. हिल्डाचा डावा हात, ईडिथची दोन लोंबणारी पावलं, एका पायात चप्पल नव्हती. सगळं तिच्या समोरच झालं होतं. बटण दाबायला तीच उभी होती.

“आणखी एकदा लावाल?” सायलसनं विचारलं. “अर्थासाठी नाही.”

अंधार पडेपर्यंत ती तिथं थांबली.

शाळेचा शेवटचा आठवडा होता. वर्गांतून खुर्च्या उलट्या करून टेबलांवर चढवल्या होत्या. ग्रॅहॅम कागदपत्रं घ्यायला ऑफिसात गेला आणि ईडिथ एकटीच भाषेच्या खोलीत आली. वासितीनं कॅसेट एका डब्यात घालून तयार ठेवली होती, नऊ पानांची वहीही. सायलसनं वहीच्या शेवटी गोष्ट मूळ भाषेत लिहून दिली होती, खाली आपला पत्ता लिहिला होता आणि लिहिलं होतं की, पत्राला उत्तर देईन.

“शोधून काढलं मी,” वासिती म्हणाली. “ते वाक्य.”

ईडिथनं दप्तर खाली ठेवलं.

“ती म्हणाली, सरक गं जराशी, माझ्या हाताला मुंग्या आल्या.”

पोरीचा चेहरा हलला नाही. आपण चुकलो की काय, एवढ्याशा वाक्यासाठी हिला उगाच आशेला लावलं, असं वासितीला वाटून गेलं. तिनं डबा पुढं केला. ईडिथनं कॅसेट काढली आणि रेकॉर्डरमध्ये घातली. हेडफोन लावला नाही, आवाज मोठा केला. ती बुटक्या बाकाच्या मधोमध जाऊन बसली. आता तिचे पाय जमिनीला टेकत होते.

हिल्डा बोलू लागली. खेकडा निघाला, माड चढला. पहिला वारा आला, मोजणी चुकली. मग खोकला आला, दाबलेलं हसू आलं, आणि ते वाक्य.

ईडिथ सरकली. बाकाच्या अगदी कडेला, भिंतीपर्यंत. तिच्या डाव्या हाताला एका माणसाला बसता येईल एवढी जागा झाली. तिकडे तिनं पाहिलं नाही. समोर बघत ती पुढची गोष्ट ऐकत राहिली.

ग्रॅहॅम दारात येऊन उभा राहिला होता. वासितीनं त्याला हातानंच थांबवलं. गोष्ट संपायला अजून चार मिनिटं होती. एकवीस वर्षं ती या खोलीत मुलांच्या शेजारी बसत आली होती. आज ती कपाटाला टेकून उभीच राहिली.