हमूदच्या बैठकीतला कारागीर

आखातातल्या बरका गावच्या बाजारात हमूदचं हलव्याचं दुकान माझ्या अत्तराच्या दुकानाला लागूनच आहे. माणूस दिलदार, पण पाहुण्यांपुरता. गेल्या वर्षी त्यानं बांगलादेशातून तोफज्जल नावाचा कारागीर आणला. करारात लिहिलं होतं, राहायला हवेशीर खोली. हमूदनं दिली साखरेची कोठी. खिडकी नाही, पंखा नाही, पोत्यांवर गादी.

"अरबाब, मुंग्या फार चावतात," तोफज्जल मालकाला म्हणाला.

"तू पडलास गोड माणूस! मुंग्यांचा काय दोष?"

पुढे कामगार खात्याच्या रय्याबाई तपासणीला येणार असं कळलं आणि हमूदची तंतरली. त्यानं तोफज्जलची पेटी उचलून थेट स्वतःच्या घरी, पाहुण्यांच्या बैठकीत नेऊन ठेवली.

"हा इथंच राहतो, बाई. मुलासारखा आहे मला."

रय्याबाईंनी लोड दाबून पाहिले, एसी लावून पाहिला. "कधीपासून राहतोस रे?"

"आज सकाळपासून," तोफज्जल खरं तेच बोलला.

हमूद खोकला. बाई मात्र शांतपणे म्हणाल्या, "छान. हाच पत्ता नोंदवते. नोंदलेल्या जागेतून याला हलवलंत तर परवाना गेला म्हणून समजा. मी न सांगता येत जाईन."

आणि त्या खरंच येत राहिल्या. तोफज्जल लोडाला टेकून आरामात घोरू लागला. पाहुणे आले की हमूद त्यांना कोठीत बसवी. एकदा पाहुणे म्हणून आलेले मुबारककाका कॉफीचा पहिला घोट घेता घेताच मांडी खाजवत उठले.

"हमूद, इथं माणूस बसतो कसा रे?"

"नाहीच बसवत, काका."

"मग त्या बिचाऱ्याला झोपवत कसा होतास?"

हमूदनं घाईघाईनं कॉफी पुढे केली. घरात बायको झुवैना ओढणीआड हसत होती. पण लवकरच तिच्या माहेरचे येणार होते, तेही कोठीतच बसणार होते.

तीन आठवड्यांत दुकानामागं खोली उभी राहिली. दोन खिडक्या, एसी, नवी गादी. रय्याबाईंनी पत्ता बदलला. तोफज्जल म्हणाला, "आता माझा पासपोर्टही द्या, अरबाब."

"मी जपून ठेवलाय की!"

"त्यालाही जपता येतो," बाई म्हणाल्या. हमूदनं मुकाट्यानं कपाट उघडलं.

आता बाजारात कुणी परदेशी कामगार आणला, की हमूद मालकाची कर्तव्यं समजावून सांगायला सगळ्यांच्या आधी हजर. मीही एक माणूस आणलाय, म्हणून परवा माझ्याकडे आला, तासभर बोलला आणि म्हणाला, "चल, तुझ्या माणसाची खोली दाखव."

मी म्हटलं, "किल्लीच सापडत नाही रे."