महिषासुराची मांडी

शीनप्पा आमच्या यक्षगान मेळ्यातला महिषासुर. मी त्याच मेळ्यातला विदूषक, त्यामुळे तो मला मोजत नाही आणि मी त्याला सोडत नाही. यंदा त्याची उजवी मांडी बाहेरच्या अंगाने बधिर व्हायला लागली. नाचताना मध्येच आग व्हायची. देवीला आव्हान देताना तो मांडीवर थाप मारायचा, पण थाप शेजाऱ्याच्या मांडीवर पडल्यासारखी वाटायची म्हणे. मणक्यात नस दबली, आता याचा नाच संपला, असं गावाने ठरवूनही टाकलं. जत्रेचा खेळ महिन्यावर आला होता. मी त्याला ओढतच कुंदापुरला नेलं, फिजिओथेरपीवाल्या सुमलताअम्मांकडे.

अम्मांनी त्याला उताणा झोपवून पाय सरळ वर उचलला.

"कंबरेतून कळ येते?"

"नाही."

गुडघ्यावर हातोडी मारली तसा पाय टणकन उडाला; मग टाचांवर चालवलं. याचं आपलं एकच, "काही होत नाही."

"अम्मा, खोटं बोलतोय हा," मी म्हणालो. "राक्षसाचं काम जाईल म्हणून."

"तोंड बोलेल खोटं, बाबण्णा. गुडघा कसा बोलेल? यांची पाठ ठणठणीत आहे."

मग त्याला डोळे मिटायला लावून मांडीवरून कापूस फिरवला. बाहेरच्या अंगाला त्याला पत्ताच नाही. अम्मांची नजर त्याच्या कंबरेवरच्या काळ्या वळाकडे गेली. त्यांनी कंबरेच्या पुढच्या हाडाशी बोट दाबलं, तशी शीनप्पाने अशी डरकाळी फोडली की बाहेर बाकावर बसलेली गुडघेदुखीची म्हातारी ताडकन उठून उभी राहिली.

"सोंगाचा पट्टा फार आवळता का?"

"दुखायला लागल्यापासून जास्तच. कंबर कमजोर झाली ना. गुरुजी सांगायचे, सैल कंबर, सैल राक्षस."

"गुरुजी होते तेव्हा हे पोट होतं?"

मी पोट धरून हसलो.

"मांडीची नस इथूनच खाली उतरते," अम्मा म्हणाल्या. "तिला तुम्हीच बांधून घालताय. पट्टा सैल करा, कोंबडीच्या रश्श्यात बुडवलेली ती कोरी रोटी कमी करा, आणि नाचा खुशाल."

एवढा मोठा राक्षस, पण तिथेच रडायला लागला. मलाही भरून आलं, पण मी विदूषक, सांगणार कुणाला?

जत्रेत पट्टा मीच बांधला. "आवळ अजून," तो म्हणाला. मी सैलच गाठ मारली.

चेंडा ढोल कडाडला, देवी समोर आली आणि महिषासुराने मांडीवर सणसणीत थाप मारली. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं, मग तो गडगडून हसत सुटला. लोक म्हणाले, काय अभिनय आहे. तो गिरकी घेत माझ्यापाशी आला आणि कानात पुटपुटला, "बाबण्णा, लागलं रे."