उणे दहाची सही

"पापलेटच्या बाजूला बाटल्या निजवतंस? डोकं फिरलं का गो तुजं, दमे?"

मुक्ताबाईने शीतगृहाचं जाड दार खांद्याने अडवून धरलं होतं. आत, मासळीच्या क्रेटांमधल्या मोकळ्या जागेत दमयंती गुडघ्यांवर बसली होती आणि तीन स्लीपिंग बॅगांमध्ये पाण्याची एकेक बाटली सरकवत होती. प्रत्येक बाटलीत सदतीस अंशाचं एक लिटर पाणी. बुचाला भोक पाडून आत सोडलेली थर्मामीटरची तार. भिंतीवरचा आकडा उणे दहा.

"पाणी माणसाच्या अंगाएवढं गरम आहे," दमयंती म्हणाली. "कुठल्या बॅगेत किती टिकतं ते बघायचंय. दार लाव, गारवा जातोय."

मुक्ताबाई तिची आत्येबहीण, शिरवण्यात मासळीचा घाऊक धंदा करणारी. दोघी एकाच आळीत वाढल्या. मुक्ताबाईने आईची टोपली उचलली. दमयंती बी.एस्सी. झाली, लग्नानंतर सानपाड्याच्या फ्लॅटमध्ये गेली आणि तळोज्याच्या एका औषध कंपनीच्या प्रयोगशाळेत चिकटली, त्याला आता एकोणतीस वर्षं झाली. तिथे प्रत्येक चाचणीच्या पानाखाली दोन सह्या लागतात, एक चाचणी करणाऱ्याची, एक तपासणाऱ्याची. दमयंतीची सही लहान, उभी, छापल्यासारखी. एकोणतीस वर्षांत तिचं एकही पान परत आलं नव्हतं.

म्हणूनच गेल्या डिसेंबरातली ती एक सही तिला डाचत होती.

गेल्या डिसेंबरात ती आयुष्यात पहिल्यांदा एकटी, फक्त स्वतःसाठी म्हणून कुठे गेली. उत्तराखंडातला बर्फातला ट्रेक, सानपाड्यातल्याच एका ग्रुपबरोबर. ग्रुप शौनकचा. पस्तिशीचा, बोलका, प्रत्येक बाईला मॅम म्हणणारा. स्लीपिंग बॅगाही त्याच्याच, भाड्याच्या; पिशवीवर ठळक अक्षरांत उणे दहा छापलेलं. दुसऱ्या मुक्कामी पारा उणे सातवर उतरला. बाकीचे तिशीतले, तिघं-तिघं एका तंबूत, एकमेकांना चिकटून झोपले. दमयंती वयाने मोठी म्हणून तिला मानाने वेगळा तंबू दिला होता. पहाटे तिचे दात वाजायचे थांबेनात, बोटं मुडपेनात. शौनकने तिच्यापुढे एक कागद धरला. 'मी घाबरल्यामुळे स्वेच्छेने परत जात आहे.' ती चहाच्या पेल्याकडे बघत होती, तर तो म्हणाला होता, सही करा मॅम, मग चहा घेऊ.

तिने सही केली आणि खेचरवाल्याबरोबर ती खाली उतरली. सानपाड्याला पोहोचेपर्यंत त्या कागदाचा फोटो ग्रुपवर आला होता. सही म्हणजे कोळीकिड्याने शाईतून चालत जावं तशी वेडीवाकडी रेघ. खाली शौनकने लिहिलं होतं, थंडी डोक्यात असते. त्याखाली हसरे चेहरे. कुणाच्या तरी ओळखीतून तो फोटो लॅबमध्येही पोहोचला, आणि जिला दमयंतीने पिपेट धरायला शिकवलं होतं ती वैष्णवी तिला पाठीमागे 'मायनस टेन मॅडम' म्हणू लागली. पुढे पुढे समोरही.

दमयंतीने ग्रुप सोडला नाही. एक अक्षर लिहिलंही नाही. मार्चमध्ये ती निवृत्त होणार होती, आणि त्याआधी तिला दोन गोष्टी करायच्या होत्या. तोच ट्रेक पुरा करायचा होता, आणि शौनकला थंडीने कापताना बघायचं होतं. दुसरी गोष्ट आधी.

चार तासांनी तिने तारांवरचे आकडे उतरवून घेतले. पहिली बॅग वाशीच्या दुकानातून एका शेजारणीने घेतलेली, जाडजूड; पाणी एकोणीस अंशांवर. दुसरी नावड्याच्या एका शिलाई युनिटमधली, पिसांची. परदेशी जाणारा माल, पण चेनचा रंग चुकला म्हणून नाकारलेला, त्यामुळे दुकानातल्या भावाच्या निम्म्यात मिळालेली. पाणी वीस अंशांवर. तिने दोन्ही मुक्ताबाईच्या मासळीच्या काट्यावर टाकल्या. जाडजूड बॅग दोन किलोच्या वर, पिसांची एक किलो दीडशे.

"पन्नाशी उलटली माझी," दमयंती म्हणाली. "एक किलो कमी म्हणजे चढावर एक गुडघा वाचला. हीच."

"आनि ती तिसरी?"

तिसरी शौनकची, सराव करायचाय असं सांगून दोन दिवसांसाठी आणलेली. तिच्यातलं पाणी आठ अंशांवर आलं होतं. दमयंतीने बॅग उलटी करून आतल्या शिवणीतलं नखाएवढं लेबल भिंगाखाली धरलं. तिथे एक नाही, तीन आकडे होते. पहिला आठ, म्हणजे बाहेर आठ अंश असताना बाईमाणसाला नीट झोप लागेल. दुसरा चार, पुरुष आखडून का होईना, झोपेल. तिसरा उणे दहा. त्या आकड्याचा झोपेशी काही संबंध नव्हता. सहा तास जीव जाणार नाही, एवढाच त्याचा अर्थ. शौनकने पिशवीवर तो तिसरा आकडा छापला होता.

मुक्ताबाईने ते लेबल स्वतः भिंगाखाली धरून बघितलं. मग म्हणाली, "जल्ला मेला. पोलिसात जा."

"नको. त्यालाच बोलावते."

त्या संध्याकाळी दमयंतीने ग्रुपवर दहा महिन्यांतला पहिला संदेश टाकला. अतिशय नम्र. तिची भीती अजून गेलेली नाही. बहिणीचं शीतगृह आहे, तिथे उणे दहा अंश मिळतात. शौनक सरांनी आपल्याच बॅगेत तासभर झोपून दाखवलं तर तिला आणि नव्या लोकांना धीर येईल. शौनकला हे भलतंच आवडलं. व्हिडिओ मस्त होईल, असं त्याने लिहिलं आणि रविवारची सकाळ ठरवली.

रविवारी तो सात जणांना घेऊन आला. भावेश शूटिंगला, वैदेही नावाची नवी मुलगी पहिल्या रांगेत. दमयंतीने सगळं समजावून सांगितलं. दार उघडंच राहील, मध्ये फक्त प्लास्टिकचा पडदा, 'बस' म्हटलं की थांबायचं, कपडे तिने ट्रेकच्या त्या रात्री घातले होते तेवढेच. शौनक हसत आत गेला, पातळ चटईवर आडवा झाला, अंगठा दाखवला.

पहिली वीस मिनिटं तो बोलत होता. पापलेटांना गुड मॉर्निंगही म्हणून झालं. तिसाव्या मिनिटाला त्याने चेन नाकापर्यंत ओढली. चाळिसाव्याला प्लास्टिकच्या पडद्यातून सगळ्यांना दिसलं, की बॅग हलतेय. एकसारखी, बारीक. भावेशने फोन खाली घेतला. वैदेही म्हणाली, काकू, बस ना आता. दमयंती घड्याळाकडे बघत राहिली. सात माणसं बघत असताना शौनक आपल्या तोंडाने 'बस' म्हणणार नाही, हे तिने आधीच हिशेबात धरलं होतं. तिच्या बोटांना त्या पहाटेचा गारठा आठवत होता, आणि प्रत्येक मिनिटाला तिला बरं वाटत होतं.

बावन्नाव्या मिनिटाला आतून 'ब' ऐकू आला. 'स' दातांत अडकला. चेन त्याला उघडता येत नव्हती. दमयंती आत गेली, गुडघ्यांवर बसली, दोन हातांनी ती गोठलेली चेन खाली ओढली.

"काही नाही सर," ती हळूच म्हणाली. "थंडी डोक्यात असते."

बाहेर तिने त्याला खुर्चीत बसवलं, खांद्यावर घोंगडी टाकली, नाडी बघितली. नाडी ठीक होती. मुक्ताबाईने टेबलावर वाफाळता चहा ठेवला. शौनकने हात पुढे केला, तेवढ्यात दमयंतीने पेला बाजूला सारला आणि त्या जागी वही ठेवली. पानावर बॅगेचा नंबर, लेबलावरचे तिन्ही आकडे आणि त्यांचे अर्थ, बाटल्यांची तापमानं, सुरुवातीची वेळ, शेवटची वेळ.

"सही करा सर, मग चहा घेऊ."

कुणी हसलं नाही. शौनकने वर बघितलं, आणि त्याला ते वाक्य ओळखू आलं.

"मॅम, मला तेव्हा खरंच..."

"वाचून घ्या आधी," दमयंती म्हणाली. "तुम्हाला वाचता येतंय. वेळ आहे."

त्याने वाचलं. तिन्ही आकड्यांपाशी थांबला. पेन दोनदा खाली पडलं, तिसऱ्यांदा त्याने ते मुठीत धरलं. तपासणाऱ्याच्या रकान्यात एक वेडीवाकडी रेघ उमटली.

वैदेहीने फोटो काढायला फोन पुढे केला. दमयंतीने पानावर हात ठेवला. "फोटो मीच टाकते. अजून माझी सही व्हायचीय."

लोक गेले. जाताना तिघांनी तिला नावड्याच्या युनिटचा पत्ता विचारला. शौनक मान खाली घालून सगळ्यांच्या मागून गेला. बॅग तिथेच राहिली, चहाही.

दमयंतीने पर्समधून तो जुना फोटो काढला, छापून घेतलेला, आणि वहीशेजारी ठेवला. दोन रेघा. हातभर अंतरावरून तिची कुठली आणि त्याची कुठली, तिला ओळखता येईना. 

"झाला का गो जीव थंड?" मुक्ताबाईने विचारलं.

दमयंतीने पेन उचललं. मघाशी चेन ओढताना बधिर झालेली बोटं अजून थरथरत होती. तिने पेन पुन्हा खाली ठेवलं.

"थांब. आधी हात गरम होऊ दे."

शौनकने न घेतलेला चहाचा पेला तिने दोन्ही तळव्यांत धरला आणि बोटं सुटी होईपर्यंत तसाच धरून ठेवला. मग वही जवळ ओढली आणि चाचणी करणाऱ्याच्या रकान्यात सही केली. लहान, उभी.