हात जोडल्यावर

ज्ञानदाला हल्ली कुणाला नमस्कार करवत नसे. पुण्याजवळच्या सूसमधल्या सोसायटीत शेजारच्या काकूंनी हात जोडले, तर ही नुसती मान हलवून जिना उतरायची. पोरीला शिष्टपणा आलाय, असं काकूंचं मत. काकूंना काय ठाऊक, जुळलेले तळवे दिसले की हिला तिथं थांबवत नाही!

ही २०१० सालची गोष्ट. ज्ञानदा नोकरीला होती ती कंपनी म्हणजे पिरंगुटजवळची एक पत्र्याची शेड. ऑपरेशन चालू असताना सर्जनला स्कॅनचं चित्र मागंपुढं करावं लागतं, पण निर्जंतुक हातमोज्यांनी माऊस धरता येत नाही. म्हणून कॅमेऱ्याने हवेतले हात ओळखायचे. तळवा फिरवला की पुढचं चित्र, मूठ वळली की मोठं. या खुणा ज्ञानदाने ठरवल्या होत्या. चित्राची डावी-उजवी बाजू पलटायला तिने ठेवले जोडलेले हात. ऑपरेशनमध्ये ही खूण चुकूनही कुणी करत नाही, असं एका परदेशी शोधनिबंधात लिहिलं होतं. परभणीच्या देवभोळ्या घरात वाढलेल्या मुलीने ते वाचून मान डोलावली. शिकल्यासवरल्या माणसाची अक्कलसुद्धा कधीकधी चरायला जाते.

मेंदूचे सर्जन डॉक्टर विलासांनी शेडमध्ये दोन महिने यंत्राच्या चाचण्या केल्या. समोर गादीवर रबरी डोकं असायचं. रबराला कोण नमस्कार करतं?

पहिला खरा रुग्ण गोरख, घोटावड्याच्या वरच्या वाडीतला. हिरडा काढताना झाडावरून पडला आणि तीन आठवड्यांनी मेंदूवर साकळलेलं रक्त सापडलं. तेवढा भाग बधिर करून, कवटीला छिद्र पाडून ते काढायचं होतं. डॉक्टरांनी छिद्र पाडलं, तर आत काहीच नाही. बाजू चुकली होती. दुसरी बाजू उघडेपर्यंत गोरखला झटका आला आणि त्याचा उजवा हात लुळा पडला तो पडलाच. चूक माझी, असं डॉक्टरांनी लिहून दिलं आणि ऑपरेशन करणंच सोडलं.

मग ज्ञानदाने कॅमेऱ्याची नोंद उघडली. काळ्या पडद्यावर नुसते दोन हात होते, मनगटापासून तोडल्यासारखे. ते हळूहळू जवळ आले, जुळले, आणि त्याच क्षणी चित्र पलटलं. डॉक्टरांनी डोळे मिटून रुग्णाला नमस्कार केला होता. डोळे उघडले तेव्हा डावं उजवीकडे गेलेलं. बाजू सांगणारं कोपऱ्यातलं अक्षर पाहावं, तर चित्र मोठं दिसावं म्हणून ते ज्ञानदानेच काढून टाकलं होतं.

"झाकली मूठ सव्वा लाखाची," मालक निषाद म्हणाला. "डॉक्टरांनी मान्य केलंय ना? ती नोंद डिलीट कर."

तिने केली नाही. पण ते हात तिच्या मागे लागले. बसच्या काचेत, आरशात, डोळे मिटले की पापण्यांच्या आत ते जवळ जवळ येत, आणि जुळायच्या आत ही दचकून डोळे उघडी. सांगितलं तर नोकरी जाणार, खटलाही होईल. नाही सांगितलं तर एक भला माणूस जन्मभर स्वतःला खात बसणार. शेवटी एका रविवारी ती वाडी चढून गेली. आधी गोरखला सांगायचं, मग डॉक्टरांना.

लिलाबाईने, गोरखच्या बायकोने, चहा टाकला. ज्ञानदा दवाखान्यातल्या मशीनवाली आहे म्हटल्यावर गोरखच बोलू लागला.

"डाक्टरास्नी दोस देऊ नगा, बाई. कापायच्या आदी त्यांनी मला हात जोडलं. मला! जनमात कुनी जोडलं न्हाईत. लई भ्या वाटत व्हतं, ते तितंच गेलं."

रडत, अडखळत ज्ञानदाने सगळं सांगितलं. आपण ठरवलेल्या खुणा, त्यातले जोडलेले हात, आपण काढलेलं अक्षर.

गोरखने डाव्या हाताने उजवा हात उचलून मांडीवर नीट ठेवला. मग शांतपणे विचारलं, "मानूस मान्साला हात जोडतोय, ह्ये मशिनीला तुमी सांगितलंच न्हवतं व्हय?"

"नाही," ज्ञानदा म्हणाली. "मला सुचलंच नाही."